नागाबाईंचा जबडा

कंधारकडच्या आमच्या गावात माझ्या सासूबाईंचं, नागाबाईंचं, तोंड प्रसिद्ध. कुणाला बांध कोरू द्यायच्या नाहीत, की दुकानदाराला काटा मारू द्यायच्या नाहीत. त्याच नागाबाई एका हिवाळ्यात गप्प झाल्या. बोललं, चावलं, गालाला नुसता वारा लागला तरी उजव्या जबड्यातून कानशिलापर्यंत करंट जायचा. भाकरी दुधात कुस्करून कशीबशी गिळायच्या. भावकीला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लई तोंड चालवलं, देवानं बंद केलं, असं म्हणायची माणसं. मला त्यांचा संताप यायचा, अजून येतो.

सासरे शेषेराव त्यांना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. एक दात काढला, दुखणं तसंच. मग दुसरा काढला. दोन्ही ठणठणीत होते, ऊस सोलणारे. तिसऱ्या वेळी खुर्चीत बसल्यावर सासूबाईंनी तोंडच उघडलं नाही. डॉक्टरनं समजावलं, सासरे खेकसले, पण ओठ मिटले ते मिटलेच. शेवटी मीच त्यांना लातूरला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी टेबलावरची प्लास्टिकची कवटी उघडून दाखवली. मेंदूतून एक नस निघते, कवटीच्या तळाशी तिचे फाटे फुटतात आणि हाडातल्या बारीक भोकांतून कपाळाला, गालाला, जबड्याला जातात. सासूबाईंच्या त्या नसेला मुळाशीच एक रक्तवाहिनी चेपत होती. कळ दातात यायची, पण खोड मेंदूपाशी होती. गोळ्यांवर वर्षभर निभावलं, मग गोळ्याही चालेनात. कानामागं कवटीला छोटं भोक पाडून ती रक्तवाहिनी बाजूला करायची ठरली.

सासरे आडवे आले. मेंदूला हात लावला की बाई येडी होते, हे त्यांचं शास्त्र. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शाईचं पॅड पुढं ओढलं आणि संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला आले. नाव विचारलं, गाव विचारलं, मग नवऱ्याचं नाव विचारलं. उभ्या जन्मात सासूबाईंनी ते उखाण्याशिवाय घेतलेलं नव्हतं. दवाखान्यात, बँकेत, कुठंही विचारलं की पदर तोंडाला लावून मला सांगायला लावायच्या. मी सवयीनं पुढं झाले.

"शेषेराव," त्या म्हणाल्या. मोकळ्या आवाजात, पुरतं तोंड उघडून, जराही न कळवळता.

सासरे रडवेल्या आवाजात मला म्हणाले, "गेली. येडी झाली."

"येडी न्हाई झाले," सासूबाईंनी उशीवरूनच त्यांच्याकडे मान वळवली. "दोन चांगले दात उपटले तवा मला कुणी इचारलं न्हाई. हितून पुढं माझं समदं मला इचारायचं, शेषेराव."