रुळाकडेचं माहेर

मला देवाचे अनुभव सांगणाऱ्या माणसांचा कंटाळा येतो. कुणाची हरवलेली म्हैस सापडते, कुणाच्या स्वप्नात देवी येऊन बसते, आणि सांगणाऱ्याच्या डोळ्यांत लगेच पाणी. माझ्या स्वप्नात देवी कधी आली नाही. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचा सारा जन्म शेणात आणि शेतात गेला. देवीपुढं मी उभी राहायची ती वाण्याच्या दुकानात उभं राहावं तशी. हे घे, ते दे. एवढाच माझा भक्तिभाव. तरी एकदा जे घडलं ते लिहून ठेवते. त्याला काय म्हणायचं ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

बहात्तरचा दुष्काळ सरून पाऊसपाणी पुन्हा मार्गी लागलं होतं, तेव्हाची गोष्ट. माझी लेक शालन मिरजेला दवाखान्यात होती. पहिलं बाळंतपण. मुलगा झाला, बारसं झालं आणि तिला ताप चढला. बाळंतज्वर. कपाळावर ठेवलेलं ओलं फडकं बघता बघता वाळायचं. जावई लष्करात, लांब सरहद्दीवर. तार केली होती, पण रजा मिळून तो कधी पोचणार? डॉक्टर यायचे, नाडी धरायचे, सुई द्यायचे आणि आमच्याकडं न बघता पुढच्या खाटेकडं जायचे. डॉक्टर आपल्याकडं बघायचं टाळतो म्हणजे काय, हे अडाणी बाईलाही कळतं.

माझ्या विहीणबाई, म्हणजे शालनच्या सासूबाई, आष्ट्याच्या. तोंडानं फटकळ, पण सुनेवर जीव. त्या म्हणाल्या, दवाखाना त्याचं काम करील, आपलं आपण करायला हवं. आमच्या देवीचं ठाणं रहिमतपूरच्या पलीकडं डोंगराला आहे. मी शालनच्या उशाशी बसून नवस बोलले आणि मिरजेच्या पेठेतून हिरवं लुगडं आणि खण घेऊन आले. विहीणबाईंनी वर नियम सांगितले. लुगडं मंगळवारीच पोचलं पाहिजे, वाटेत भुईला टेकता कामा नये, आणि देवीच्या अंगावर जाईपर्यंत त्याची घडी मोडायची नाही. घडी मोडली की ते कुणा दुसऱ्याचं झालं. मी मान डोलावली. शालनच्या नणंदेला तिच्याजवळ बसवून आम्ही दोघी मंगळवारी सकाळच्या पॅसेंजरला बसलो. लुगडं माझ्या मांडीवर, धुवट पंच्यात गुंडाळलेलं. बाकावर ठेवलं तरी विहीणबाई डोळे वटारायच्या.

ताकारी स्टेशन मागं पडलं होतं. दोन्ही अंगांना ऊस होता. एकाएकी इंजिनाची शिटी लांबली, लांबतच राहिली, आणि मग चाकं अशी कोकलली की दात शिवशिवले. सगळा डबा पुढं कलंडला. कुणाचा तरी पाण्याचा तांब्या लवंडून माझ्या पायांवर पाणी आलं. गाडी थांबली. आधी वाटलं साखळी ओढली. मग पुढच्या डब्याकडून बातमी सरकत आली, गाडीखाली बाई आली.

तेव्हा माणसं कशी वागली ते मी अजून विसरले नाही. सगळा डबा एका बाजूच्या खिडक्यांना लोटला. एकानं आपलं पोर खांद्यावर घेतलं, त्याला दिसावं म्हणून. सरकारी कचेरीत जायला निघालेला एक माणूस हातातलं घड्याळ पुन्हा पुन्हा बघत होता आणि मरायला हीच गाडी गावली का, असं म्हणत होता. बायकांत वाद पेटला. एक म्हणाली सासरचा जाच असणार, दुसरी म्हणाली बहिरी असेल. खाली उतरून आलेल्या कुणी सांगितलं की रुळावर गवताचा भारा पसरलाय, म्हणजे गवत घेऊन घरी निघाली होती, जीव दिलेला नाही. ते ऐकून वाद बंद पडला, आणि मला वाटतं दोघीचौघींची थोडी निराशाही झाली. एकानं खिडकीची झडप ओढून घेतली आणि भाकरी सोडली. ड्रायव्हर खडीवर बसून पाणी पीत होता. त्याच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मी जागची हलले नव्हते. विहीणबाई म्हणाल्या होत्या, मांडीवर देवीचं आहे, तिकडं बघू नका. आणि मला दुसऱ्याच्या दुःखाची तशी हौस कधी नव्हतीच. माझी लेक तापानं फणफणत होती, माझं मला पुरे होतं. मनात हिशेब चालला होता तो एवढाच की गाडी किती खोळंबणार, आणि मंगळवार हातचा जाणार का.

मग दारात उभा असलेला एक जण मागच्याला म्हणाला, “पार उघडी पडलीया रं. लुगडं इंजिनानं वडून न्हेलं.” आणि मागचा नीट दिसावं म्हणून पुढं सरकला.

मी लुगड्यासकट उठले. का उठले ते मला सांगता येत नाही. मी हाताची सैल बाई नाही. आमच्या गल्लीत विचारा, माझ्याकडून कुणाला जुनं फडकंसुद्धा सहजी मिळत नसे. विहीणबाईंना वाटलं मी पाय मोकळे करायला उठले. समोरच्या बाकावर एक घोंगडीवाला म्हातारा होता, सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. मी पायऱ्या उतरताना अडखळले तसा तो मागून उतरला आणि माझ्या बरोबर चालू लागला.

बाईचं मी वर्णन करणार नाही. तरणी होती. मनगटात चार हिरव्या बांगड्या शाबूत राहिल्या होत्या, त्या कशा राहिल्या कोण जाणे. तोंडाला काही झालं नव्हतं. ते शालनसारखं नव्हतं, अजिबात नव्हतं, तरी मला शालनच दिसली. भोवती पुरुषांचं कडं होतं. गार्ड म्हणत होता, पोलीस येईपर्यंत हात लावायचा नाही. मी त्याला म्हटलं, हात लावत नाही, झाकते. तो बाजूला झाला. मी पंचा सोडला आणि लुगड्याची घडी मोडली. मोडली म्हणते, पण माझ्या हातांना ते मी सांगितल्याचं मला आठवत नाही. नऊ वार कापड एकट्याला सावरत नाही. म्हाताऱ्यानं न सांगता दुसरं टोक धरलं. आम्ही दोघांनी ते तिच्यावर पसरलं, खण तिच्या छातीवर ठेवला. कडं आपोआप मागं हटलं. झाकलेलं माणूस बघण्यात कुणाला गोडी नसते.

तेवढ्यात वस्तीवरची माणसं पळत आली. तिचा नवरा दहा पावलांवरच मटकन खाली बसला. त्याची म्हातारी आई मात्र पुढं आली. तिनं सुनेकडं बघितलं, मग हिरव्या कोऱ्या लुगड्याकडं बघितलं. आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. त्याशिवाय तिला उचलत नाहीत. म्हातारी गोंधळली.

“हिला तर म्हायेरचं कोन न्हाई,” ती म्हणाली. “आय न्हाई, भाव न्हाई. ह्ये लुगडं कुनी घातलं?”

“मी घातलं,” मी म्हटलं. “मी हाय म्हायेरची.”

म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. खोटं आहे हे तिला कळलं होतं. तिनं माझा हात धरला, कपाळाला लावला आणि मग ती रडायला लागली. मी रडले नाही. मी परत डब्याकडं आले, तर खिडकीत विहीणबाई. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

गाडी सुटल्यावर त्यांनी तोंड उघडलं, आवाज न चढवता, आणि तेच फार वाईट होतं. “इहीनबाई, पोरगी तिकडं जगायची का मरायची पडलीया,” त्या म्हणाल्या. “आन तुमी हिकडं मेल्याली लेक म्हायेरचं लुगडं घालून वाटंला लावलीसा. तोंडानं बोललासा, मी म्हायेरची म्हनून. आता देवीला काय सांगनार, दुसरी लेक हाय?”

घडी मोडल्याची भीती मला वाटली नव्हती. पण हे ऐकलं आणि वाटली. त्या म्हणत होत्या ते आमच्या रीतीनं खरंच होतं. आईच्या हातून माहेरचं लुगडं पडलं होतं, आणि मला लेक एकच होती. सगळा डबा आता माझ्याकडं बघत होता, मघाशी तिच्याकडं बघत होता तसाच. कऱ्हाड आलं, चहावाला आला, लोक उतरले, आणि फलाटावरच्या लोकांना काय काय घडलं ते रंगवून सांगू लागले. न उतरलेल्यांनीही सांगितलं. मीही चहा प्यायले.

रहिमतपूरला पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. एसटी निघून गेली होती. विहीणबाई फलाटाच्या बाकावर बसल्या, म्हणाल्या, पुढं जाऊन करायचं काय? हात रिकामे, त्यात मढ्याला शिवलेल्या. परत फिरू. त्यांचं बरोबर होतं. तरी मला शालनकडं तसं जाववेना. घोंगडीवाला म्हातारा तिथंच उतरला होता. त्याला न्यायला त्याच्या वाडीहून बैलगाडी आली होती, आणि त्याची वाट देवीच्या डोंगराखालून जात होती. त्यानं नुसतं गाडीत बसा म्हणून हात केला. विहीणबाई कुरकुरत बसल्या.

गाडीत मी त्याला सांगितलं की मला देवळात जाता येणार नाही, मी शिवलेली आहे. तो तंबाखू मळत म्हणाला, “खालनं मागितलं तर ऐकू येत न्हाई व्हय तिला?”

विहीणबाई म्हणाल्या, मागणार कशाच्या जोरावर, नवसाचं तर रुळावर गेलं.

म्हाताऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “लेकीसाठी मागाय चाललाय नव्हं, आक्का? मग त्या पोरीसाठीबी मागा. तिचं कोन मागायचं? म्हायेर म्हनालासा न्हवं.”

डोंगराच्या पायथ्याशी त्यानं आम्हाला उतरवलं आणि तो गेला. नाव सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पुढं विहीणबाईंनी गावभर सांगितलं की तो साक्षात देव होता. मला तसं वाटत नाही. त्याच्या तोंडाला तंबाखूचा घाण वास होता आणि त्याचा एक बैल लंगडत होता. माणूसच होता. माझ्या लेखी ते जास्त आहे.

मी खालच्या पायरीशी उभी राहिले. वर दिवा लागला होता. रोजच्यासारखं मागायला तोंड उघडलं, हे घे आणि ते दे म्हणायला, तर द्यायला माझ्याकडं काहीच नव्हतं. त्याआधी मी तशी कधी उभी राहिले नव्हते. मग मी त्या पोरीचं मागितलं. तिला बरी जागा दे, तिचं कुणी नव्हतं, आता मी आहे. तिचं मागून झाल्यावर शालनचं मागायला गेले, तर शब्दच उरले नव्हते. आतलं सगळं ओझं कुणीतरी हातातून काढून घेतल्यासारखं झालं. मी एवढंच म्हटलं, दोन्ही तुझ्याच. विहीणबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

रात्र पायथ्याशीच काढली. सकाळी परतीच्या गाडीत ती जागा आली. गवत अजून विस्कटलेलं होतं. डब्यात कुणाला काही माहीत नव्हतं, लोक पान खात होते, जागेवरून भांडत होते. आम्ही दोघींनी हात जोडले.

दवाखान्यात शालन तशीच होती. ताप उतरला नव्हता. पुढचे कितीतरी दिवस उतरला नाही. विहीणबाई कधी माझ्याशी बोलत, कधी तोंड फिरवत. मी फडकं भिजवायची, पिळायची, ठेवायची. घाबरत होते, पण देवीशी घासाघीस करणं माझं थांबलं होतं. डॉक्टरांनी औषध बदललं. आणि एका सकाळी शालननं डोळे उघडून दूध-भाकरी मागितली. मी भाकरी कुस्करायला बसले, आणि तेव्हा मात्र मला दिसेना इतकं पाणी आलं.

शालन वाचली म्हणून देवी आहे, असं मी म्हणत नाही. मग ती दुसरी गेली तेव्हा देवी कुठं होती, असं कुणी विचारलं तर मला उत्तर येत नाही. शालन गेली असती तर विहीणबाईंनी मला जन्मभर दोष दिला असता, आणि मीही तो घेतला असता. आता त्या सांगतात की देवीनं लुगडं रुळावरच नेसलं. सांगू देत. मला माहीत आहे ते एवढंच की माझ्यासारख्या चिकट बाईचे हात त्या दिवशी आपणहून उघडले, आणि ते माझ्या स्वभावानं उघडले नव्हते. त्याबद्दल मी देवीची ऋणी आहे, लेकीच्या जिवाइतकीच.

दर वर्षी त्या सुमाराला मी दोन पानं वाढते. एक आमच्या घरच्या गेलेल्यांचं, एक तिचं. तिचं नाव मला ठाऊक नाही, म्हणून ‘लेकीचं’ म्हणते. आणि देवळात गेले की आता मागत नाही, नुसती उभी राहते. काय द्यायचं ते तिला कळतं. मला कळत नाही, एवढं कळायला मला रुळावर एक पोर बघावी लागली.