लिटरभाऊ आणि सोळाचं ॲव्हरेज

आमचा भाडेकरू गाडी अनवाणी चालवायचा. दार उघडलं की आधी चपला काढायचा, त्या तळाला तळ लावून मागच्या सीटखाली सरकवायचा आणि देवळात शिरावं तसा वाकून आत जायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, नवी गाडी आहे, मळू नये म्हणून जपत असेल. पण वर्ष उलटलं, गाडीला दोन पोचे पडले, तरी पाय अनवाणीच. शेवटी न राहवून विचारलं, तर म्हणाला, “किती दाबून राहिलो ते पायाला कळलं पाहिजे, काकू. चपलेला काय कळते?”

तो वाशिमकडचा. हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. ही गोष्ट दोन हजार सहा-सातची, भुकूममध्ये नुकत्याच इमारती उठायला लागल्या होत्या तेव्हाची. आम्ही रस्त्याकडेचा तुकडा विकून घरामागं चार खोल्या बांधल्या होत्या आणि त्यातल्या दोन त्याला दिल्या होत्या. त्याच्या तोंडात सारखं ‘भाऊ’ आणि सारखं ‘लिटर’. पेट्रोल पंपावरच्या पोरानं दोन्ही जोडून टाकलं आणि तो सगळ्या गावाचा लिटरभाऊ झाला. त्याचं खरं नाव भाडेकरारावर होतं. मी ते सही करतानाच विसरले.

गाडी म्हणजे छोटी एसयूव्ही. बुटक्या माणसानं उंच टाचांचे बूट घालावेत तशी दिसायची. पाठीवर जादा चाक. ती आली त्या दिवशी मी नारळ फोडला, ओवाळलं, आणि ती आमचीच असल्यासारखी पिरंगुटच्या नणंदेला फोन करून सांगितलं. तेव्हा मी पन्नाशीला टेकले होते. मुलाचं लग्न जमवायचं होतं. दारात उंच गाडी उभी असली की येणाऱ्या पाहुण्यांवर छाप पडते, असं माझं पक्कं मत होतं. पाहुण्यांनी विचारलंच तर “आमच्याकडं असती की,” इतकंच बोलायचं, हेही ठरवून ठेवलं होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात. असायचीच ती आमच्याकडे.

गाडीबरोबर शोरूमवाल्यानं एक गुळगुळीत रंगीत कागद दिला होता. त्यात गाडी डोंगरमाथ्यावर उभी, आणि खाली लिहिलेलं, लिटरला सोळा किलोमीटर. लिटरभाऊच्या हातात गाडी द्यायची अकरा. बस, तेवढ्यानं त्या माणसाची झोप उडाली. टाकी काठोकाठ भरायची, मीटर शून्यावर आणायचा, आठवडाभर चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. काठोकाठ म्हणजे किती, तर पंपावरचा पोरगा “झालं साहेब” म्हणाला की हा खाली उतरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायचा, म्हणजे आतली हवा निघून आणखी घोटभर बसतं. मागच्या रांगेतले रिक्षावाले ओरडायचे, “अवो लिटरभाऊ, झोपली न्हाई ती, कशाला उठवताय?”

ब्रेक त्याला मनापासून आवडायचा नाही. “ब्रेक मारला की आतापर्यंत जाळलेलं पेट्रोल वाया,” असं म्हणायचा. त्यामुळे समोर म्हशी दिसल्या की हा लांबूनच पाय उचलायचा. गाडी आपली आपण मंद होत, मंद होत म्हशींच्या शेपटांपर्यंत पोचायची, तोवर म्हशी वळून जायच्या. मागचा यष्टीवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. एसी तर त्याच्या दृष्टीनं गाडीत बसलेला चोरच. उन्हाळ्यात काचा खाली करायच्या म्हटलं तर म्हणे वारा अडतो. म्हणून काचा अर्ध्या. मी एकदा त्याच्याबरोबर पौडच्या बाजाराला गेले आणि उतरले तेव्हा माझ्या तोंडावरची पावडर गळ्यापर्यंत आली होती.

आता खरं सांगायचं तर त्याच्या ॲव्हरेजला निम्मं खाणारे आम्हीच होतो. आमच्याकडे भाडेकरू म्हणजे घरचाच. त्याची गाडी म्हणजे वाड्यावरची शिडी, कुणीही न्यावी. आमचे हे त्यात पेंडीची पोती टाकायचे. मी गिरणीचा डबा टाकायचे. शेजारची म्हातारी दवाखान्याला जाताना स्वतःलाच टाकायची. तो कधी नाही म्हणाला नाही. फक्त आरशातून मागं बघायचा, ओठ हलवून काहीतरी मोजायचा आणि म्हणायचा, “हे तुमचं ॲव्हरेज वेगळं धरतो हं, काकू.” ह्यांनी त्याला सांगूनच टाकलं, “आमच्या ॲव्हरेजचा सातबाराच येगळा काढ.”

कंपनी खोटं बोलते की याचं काहीतरी चुकतं, यावर आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी चर्चा व्हायची. ह्यांचं मत ठरलेलं होतं. “हे बघ लिटरभाऊ, म्हैस इकणारा सांगतो, बारा लिटर दूध देती. तुझ्यापुढं काढून दावतो बी. घरी आणली की आठच. म्हैस बी खोटी न्हाई आन् बारा बी खोटं न्हाई. त्यानं आदल्या येळची धार चुकवल्याली असती.” लिटरभाऊ मान हलवायचा, पण पटायचं नाही. म्हणायचा, “पण भाऊ, बारा निघाले म्हणजे कासेत बारा मावतात ना? मग गाडीत सोळा आहेत. मलेच काढता नाही येऊन राहिले.”

मी त्या वेळी त्याला चिक्कू ठरवून मोकळी झाले होते. चिक्कू माणूस इतका गोड कसा, एवढंच कोडं होतं. दिवाळीला त्यानं मला साडी आणली, ह्यांना स्वेटर. पण गाडी पार्क करताना एकदा जास्त मागंपुढं करावी लागली तर जेवताना बोलायचा नाही.

मग त्यानं ठरवलं, एकदा कागदावरची परीक्षा घ्यायचीच. रविवारी सकाळी, रस्ता मोकळा असताना, पिरंगुटवरून उरवडे, तिथून मुठ्यापर्यंत आणि परत. कारखान्यांची सुट्टी, ट्रक नाहीत. कुठंतरी वाचलं होतं म्हणे की कंपनी गाडीत थोडं वजन ठेवून चाचणी घेते. “एका माणसाचं वजन पाहिजे,” तो म्हणाला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हिला ने. एकात दोन हायेत.”

मी रागावले, आणि गेलेही. ठेवणीतली साडी नेसून, केसात अबोली माळून पुढच्या सीटवर बसले. नणंदेचं घर वाटेवर होतं, ती अंगणात असणार याची मी आदल्या दिवशी फोन करून खात्री केली होती. पण लिटरभाऊनं मला आधीच अटी घातल्या होत्या. काच उघडायची नाही. भाजीवाली दिसली तरी थांबायचं नाही. कुणाला हात करून गाडी थांबवायची नाही. नणंदेच्या अंगणासमोरून आम्ही इतक्या हळू गेलो की तिला वाटलं गाडी बंद पडलीय. ती धावत आली आणि काचेवर हात ठेवून बरोबर चालत म्हणाली, “धक्का देऊ का गं वयनी?” मी काचेआडून राणीसारखी मान हलवली. तिचा मुलगा अजून ती नक्कल करून दाखवतो.

उरवड्यापुढच्या चढाला दूधवाल्याची लूना आम्हाला मागं टाकून गेली. मग एक सायकल. चढ संपल्यावर मुठ्याचं खोरं उघडतं, खाली भाताची खाचरं, पलीकडे नदी. इतक्या सावकाश ते मी कधीच पाहिलं नव्हतं. बंद काचेतून सगळं शांत दिसत होतं. मी म्हटलं, “लिटरभाऊ, एवढं काय अडलंय रं तुझं? लग्नाला पोरगी हाय का उजवायला?”

समोर उतार होता, पाय उचललेला होता. मग म्हणाला, “पोरगी आहे काकू. तीन वर्षांची.”

बायको गावाकडच्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका, बदली मिळत नव्हती, हे मला माहीत होतं. पुढचं नव्हतं. गाडी घेण्याआधी त्यानं पगारातून पेट्रोलला किती काढता येईल ते बघितलं होतं आणि कागदावरच्या सोळानं हिशेब केला होता. सोळानं महिन्यातून दोनदा घरी जाणं होत होतं. अकरानं एकदाच. “यष्टीनं जा की मग,” मी म्हटलं. तर म्हणाला, “यष्टी तालुक्यालाच सोडते. पुढं गावाला जायला दुपार होते. मग लेक पाहू की घड्याळ?”

आणि मग त्यानं सांगितलं ते असं. महिन्यानं गेलं की पोरगी त्याला ओळखते, पण जवळ येत नाही. शनिवारभर आईच्या पदराआडून बघते. रविवारी सकाळी लांबून चेंडू फेकते. दुपारी जेवताना हळूच येऊन मांडीवर बसते. “आणि चार वाजता मला निघावं लागते, काकू. पुढच्या महिन्यात पुन्हा पदरापासून सुरुवात. पंधरा दिवसांनी गेलो तं एवढी विसरणार नाही ती. पाच किलोमीटरचाच सवाल आहे. लिटरमागं पाच.”

मी पदर सावरून खाचरांकडे बघत बसले. अबोली मात्र सुकत चालली होती, तेवढं जाणवत होतं.

आम्ही परत आलो. त्यानं पंपावर टाकी भरली, गाडी हलवली, पुन्हा भरली. तिथंच उभ्या उभ्या भागाकार केला आणि माझ्याकडे वळला. सोळा. सोळाच्या किंचित वरच. त्यानं पंपावरच्या पोराला मिठी मारली, मला रसवंतीत नेऊन उसाचा रस पाजला आणि घरी जाईपर्यंत शीळ वाजवली. ओट्यावर ह्यांना म्हणाला, “भाऊ, निघाले. पूर्ण सोळा निघाले.”

हे म्हणाले, “झ्याक झालं. किती येळ लागला?”

साधाच प्रश्न होता. बायको सकाळची गेली ती जेवायच्या वेळेला उगवली, म्हणून नवऱ्यानं विचारलेला. पण लिटरभाऊनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग ओट्याच्या कडेला बसला. बोटं मोजू लागला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद विझत गेला ते मी बघत होते.

“त्या चालीनं वाशिमला निघालो तं शनिवार संपता संपता पोचीन, भाऊ,” तो म्हणाला. “आणि वापस यायला रविवारी पहाटेच निघावं लागेल. दोनदा जाणं होईल. पण ती पदराआडच असेल तोवर मी निघालेला.”

मग मला वाटलं, आता आपणच शहाणपणा दाखवावा. म्हटलं, “मग मधल्या चालीनं जा की. ना हळू, ना जोरात.”

“मधल्या चालीनं तेरा-साडेतेरा देते, काकू,” तो शांतपणे म्हणाला. “म्हणजे महिन्यातून दीड वेळा. अर्ध्या वेळेला कुठवर जाऊ? जालन्याला हात लावून परत येऊ?”

हे हसले. मीही हसले. तोही हसला, आणि हसता हसता त्यानं डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. हे उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “लेका, गाडीला कशाला पिळतोस? गाडी देती तेवढं देती. तू इथं ऱ्हायलास तर अंतर काय कमी व्हायचं न्हाई.” आणि म्हशींना वैरण टाकायला गोठ्यात गेले.

त्या दिवसानंतर तो पंपावर गाडी हलवेनासा झाला. रिक्षावाल्यांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी लागली होती. पगार निम्म्याहून थोडा वर. “तिथून घर रोजच्या जाण्यायेण्याचं नाही, पण शुक्रवारी दिवे लागायच्या आत पोचतो, काकू,” म्हणाला. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, “खोली रंगवून दे जाताना.” असं बोलायची तेव्हा मला खोड होती. त्यानं खरंच रंगवून दिली.

गेला त्या सकाळी गाडीच्या टपावर गादी, खुर्च्या, मागं भांडी, पुस्तकं, आणि त्यावर आमच्या इंद्रायणी तांदळाचं पोतं. गाडीची मागची बाजू पार खाली बसली होती. हे म्हणाले, “आज काय देती रं?” तो म्हणाला, “आज मोजूनच नाही राहिलो, भाऊ.” मग माझ्या पाया पडला, काचा वर केल्या, एसी लावला आणि पौड रस्त्याला धुरळा उडवत गेला. मी हात हलवत उभी राहिले. माझ्या मुलाच्या लग्नाचे पाहुणे पुढच्याच आठवड्यात यायचे होते आणि दारात आता काहीच नव्हतं, हाही विचार मनात आला. मी काही फार थोर बाई नव्हते. लग्न तरीही जमलं.

दीडएक वर्षानं बायकोची बदली झाली आणि तिघं अकोल्यात एकत्र राहू लागले. पाडव्याला त्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मी मुद्दाम खोडी काढली, म्हटलं, “काय रे, आता तरी सोळा देती का?”

“कुठलं काकू? नऊ देते,” तो म्हणाला. “घर ते शाळा, शाळा ते बाजार, बाजार ते बाग. चावी लावली की पोचलोच. इंजीन तापतच नाही. इतकं वाईट ॲव्हरेज कुणाच्याच गाडीचं नसेल.” हे सांगताना त्याचा आवाज शोरूममधून गाडी बाहेर काढताना होता, तसा होता.

मला आणखी विचारायचं होतं. पण फोनमध्ये मागून हॉर्न वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग सलग. आणि त्यावरून एक चिडका, पातळ आवाज, “बाबा, चला नं, किती बोलता?”

“ठेवतो काकू,” तो म्हणाला, “गाडीत जाऊन बसली आहे ती.” एरवी ॲव्हरेजवर तासभर बोलणारा माणूस माझं “बरं” ऐकायलाही थांबला नाही.