मोठ्या सेंटिमीटरची पट्टी

भोसरीतल्या वर्कशॉपला मी सुतार म्हणून लागलो तो वडिलांनी शिकवलेल्या कामाच्या जोरावर. शेजारच्या बाकावरचा सुतार आयटीआयचं सर्टिफिकेट दाखवून आत आला होता. बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ओतकामासाठी आम्ही लाकडी पॅटर्न करायचो. त्यांचा वाळूत ठसा घेऊन त्यात बीड ओतत. त्या गड्याचा रंधा माझ्याइतका सफाईनं चालत नसे, तरी साहेब ड्रॉइंग घेऊन आधी त्याच्याकडेच जायचे. माझ्या पोटात दुखायचं.

शेवटी एका कप्पीचं काम मी मागून घेतलं. पॅटर्न ड्रॉइंगच्या मापाला तंतोतंत केला. तो शेजारचा सुतार काही सांगायला आला, तेव्हा म्हणालो, "राव, तुमचं तुम्ही बघा."

ओतून आलेली कप्पी मापाला कमी भरली. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करायचा असतो, हे माझ्या वडिलांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली पट्टी माझ्या बाकावर ठेवली. तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर जरासा मोठा होता. त्याच पट्टीवर मी पुढं सगळी नोकरी काढली. हे काम कुठं शिकलात, असं कुणी विचारलं, तर मी अजूनही "वडिलांकडे" असंच सांगतो.