काळूरामचा 'का'

पनवेलचा मोटारधंदा ज्यांनी पन्नास सालानंतर पाहिला, त्यांना तात्या सबनिसांचा कारखाना नक्की आठवेल. मुंबई-पुणे रस्त्याला लागून पत्र्याची शेड, आणि पुढे दोन-तीन लॉऱ्या कायम इंजिन उघडून उभ्या. लोकांना कारखाना आठवतो, तात्या आठवतात, तात्यांची काळी टोपीसुद्धा आठवते. काळूराम घरत मात्र कोणाला आठवत नाही. मला याचा संताप येतो, आणि त्यातला निम्मा संताप माझा माझ्यावरच आहे, कारण त्या कारखान्याचं स्टोअर मी सांभाळत होतो.

काळूराम खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या घरातला. लढाईच्या वर्षांत तो मुंबईच्या गोदीत लोखंड कातायच्या लेथवर लागला. लढाई संपली, तशी नोकरीही संपली. गावी येऊन पुन्हा मीठ ओढायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तात्यांकडे आला. बोलणं कमी, विडी जास्त, आणि लोखंडाच्या बाबतीत कमालीचा हेकट.

क्रँक म्हणजे इंजिनाच्या पोटात फिरणारा वाकडातिकडा पोलादी दांडा. लॉरीचा सगळा भार शेवटी त्याच्यावर येतो. खंडाळ्याचा घाट चढताना तो तुटायचा, आणि नवा यायचा विलायतेहून. सत्तावन्न साली सरकारने बाहेरच्या मालाची दारं लावून घेतली आणि लॉऱ्या जागच्या जागी बसल्या. तेव्हा काळूराम तात्यांना म्हणाला, "मी बनवतो."

आगबोटींच्या मोडीतला जाड दांडा आणून त्याने अख्खी क्रँक लेथवर कोरून काढली. एकोणीस दिवस लागले. विलायती क्रँकचा कोपरा जिथे वळतो, तिथे याने मुद्दाम जास्त गोलाई ठेवली. "नख फिरवा भाऊ," तो मला म्हणाला. "नख आडलं का समजा, तिथंच मोडनार." मग ती दोरीला टांगून त्याने हातोडीने हलकेच टोला दिला. आत चीर असेल तर आवाज बसका येतो. ही देवळातल्या घंटेसारखी वाजली. मी लोखंडात जन्म काढला, पण असा आवाज पुन्हा कुठे ऐकला नाही.

तात्या खूश झाले. पण पनवेलात बनलेली क्रँक घेणार कोण? तात्यांनी माझ्या हातात लोखंडात इंग्रजी अक्षरं उमटवायचे पंच ठेवले आणि म्हणाले, "इंग्लंड ठोक." मी ठोकलं. नोकरीचा माणूस, दुसरं काय करणार, असं तेव्हा मी स्वतःला समजावलं. एका क्रँकवर तर घाईत शेवटचा डी उलटा पडला. मी घाबरून तात्यांना दाखवला. ते हसले. "इंजिन उघडून स्पेलिंग कोण वाचतंय?"

काळूरामला पगारवाढ नको होती. त्याला क्रँकवर आपलं नाव हवं होतं. "वरीसभर घाटात चालू दे," तात्या म्हणाले, "मग तुझं नाव घालू." वर्ष झालं, दुसरंही होत आलं. तात्यांनी विषय काढला नाही. काळूरामने मात्र पहिल्याच क्रँकच्या वेळी एक जुनी कानस घासून तिच्या टोकाला 'का' कोरला होता आणि कडक पाणी देऊन आपला पंच बनवला होता. पहिल्या क्रँकपासून प्रत्येकीवर, आतल्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा 'का' उमटला होता. मला माहीत होतं. मी कोणाला बोललो नाही. माझ्याकडून झालेलं एवढंच एक चांगलं काम.

दुसरं वर्ष संपता संपता कामाचा रेटा वाढला, म्हणून तात्यांनी मुंबईच्या बाजारातून एक तयार क्रँक आणली. तिच्यावर शिक्का अस्सल होता, पण ती कोणीतरी वापरून, पुन्हा घासून विकलेली. काळूरामने टांगून टोला दिला. "बद्द वाजतेय. बसवू नका." तात्यांनी ती मुनाफभाईंच्या पाचव्या लॉरीत बसवली. मुनाफभाई म्हणजे तांदळाची ने-आण करणारे पनवेलचे लॉरीमालक. त्यांच्या बाकीच्या चारही लॉऱ्यांत काळूरामच्याच क्रँका फिरत होत्या.

ती क्रँक घाटात मोडली. लॉरी मागे घसरून दरडीला जाऊन बसली आणि आनंदा ड्रायव्हरचा उजवा पाय गुडघ्यातून गेला. आनंदा काळूरामच्याच गावचा.

मुनाफभाई तुटका तुकडा घेऊन शेडमध्ये आले. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि शांतपणे सांगितलं, "तुमच्यापासून काय लपवू? ती एक आमच्या काळूरामने बनवलेली होती. मला न विचारता बसवली." मी चार हातांवर उभा होतो. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. तेवढ्याने माझी आयुष्यभराची झोप खराब झाली.

गावात काळूरामच्या दारावरून जाताना आनंदाची बायको रंभा थुंकली. लोकांनी त्याच्या घरी हळदीचं बोलावणं धाडलं नाही. आठ दिवस त्याने सोसलं. नवव्या दिवशी तो मुनाफभाईंच्या वखारीत गेला आणि मलाही बरोबर नेलं.

"माज्या क्रँकवर 'का' असतो. या तुकड्यावर हाय का बगा."

मुनाफभाईंनी तुकडा पालथा केला, उजेडात धरला. 'का' नव्हता. कोपरा नखाला अडत होता.

"तुमच्या बाकीच्या लॉऱ्या उगडा," काळूराम म्हणाला. "चारी माज्या हायेत. दोन वर्सं घाट चढतायत."

चारही इंजिनं उघडली. चारही क्रँकांवर 'का' सापडला. त्या क्षणी काळूरामचा चेहरा मी पाहिला. आता हा माणूस जिंकला, असं मला वाटलं. मी मूर्ख.

मुनाफभाईंनी हातातला तुटका तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, "काळूराम, तुझा कसूर नाही, कबूल. रंभाला मी स्वतः जाऊन सांगेन. पण म्हणजे दोन सालं मी इंग्लंड म्हणून पनवेलचा माल चालवतोय?"

"चालला ना?"

"चालला. पण आता मला माहीत झालं. उद्या घाटात कोणाचा जीव गेला, तर मी काय जबाब देऊ? काढा सगळ्या."

ते दुष्ट नव्हते. दिल्या शब्दाला जागून ते रंभाकडे गेलेसुद्धा. पण बातमी फुटली आणि पंधरा दिवसांत पनवेल-उरणकडच्या सगळ्या मालकांनी 'का'वाल्या क्रँका काढून तात्यांच्या दारात आणून टाकल्या. बावीस क्रँका, एकही मोडलेली नाही. काळूरामने एकेक उचलून टांगली आणि टोला दिला. बावीसही वाजल्या. ऐकायला आम्ही दोघेच होतो. तात्यांनी त्याला त्याच दिवशी काढलं आणि क्रँका मोडीत घातल्या. दोन वर्षांनी तात्यांचं नाव पुन्हा होतं तसं झालं.

मोडीत घालताना एक क्रँक मागे राहिली. काळूरामच्या गावच्या शाळेला घंटा नव्हती, गुरुजी तात्यांकडे लोखंडाचा तुकडा मागायला आले होते. तात्यांनी उदार होऊन ती क्रँक दिली आणि पोचवायला मला पाठवलं.

वर्षभराने मी त्या गावी गेलो. काळूराम मिठागरात लांब दांड्याच्या पावडीने मीठ ओढत होता, पायांना मिठाने भेगा पडलेल्या. बांधावर बसून आम्ही विडी ओढत होतो, तेवढ्यात शाळा सुटायची घंटा वाजली. तोच आवाज, खाडीच्या पलीकडे जाईल असा.

आम्ही शाळेवरून निघालो, तेव्हा गुरुजी शाळा तपासायला आलेल्या नव्या साहेबांना क्रँक दाखवत होते. "विलायती पोलाद आहे. आपल्याकडे असा आवाज निघणार नाही. हा पाहा शिक्का."

मी पुढे व्हायला लागलो. काळूरामने माझा दंड धरला.

"नका सांगू, भाऊ. मागं सांगितलं, तवा काढून टाकल्या. ही तरी वाजू दे."

साहेबांनी मान डोलावली आणि शिक्क्यावरून कौतुकाने बोट फिरवलं. शेवटचा डी उलटा होता.