शाहपुऱ्याच्या घराची मालकीण

मंजूषावहिनी तुलसी नगरात आमच्या शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायच्या. त्यांचा नवरा दत्तात्रय माझ्याच खात्यात, माझ्याहून थोडा मोठा. वहिनी घरी ब्लाऊज शिवत. शाहपुऱ्यातला प्लॉट घेताना त्यांच्या माहेरच्या पाटल्या गेल्या. बांधकाम सुरू झालं तेव्हा रोज संध्याकाळी बसने जाऊन नव्या भिंतींना पाणी मारायचं कामही त्यांचंच. रजिस्ट्री त्यांच्या नावाने झाली, कारण बाईच्या नावाने केली की खर्चात सवलत मिळते. तो सल्ला माझा. दारावर पाटी मात्र दत्तात्रयची लागली, आणि आम्ही सगळे त्याला दत्तूचं घरच म्हणत आलो.

यंदा दत्तात्रय निवृत्त झाला. क्वार्टर सोडायचं होतं. वहिनी शाहपुऱ्याला जायच्या तयारीत होत्या. शिलाई मशीन कोणत्या खिडकीशी ठेवायचं तेही त्यांनी ठरवलं होतं. दत्तात्रयच्या मनात वेगळंच होतं. घर विकायचं आणि पुण्याला मुलासाठी, मयूरसाठी, मोठा फ्लॅट घ्यायचा. त्याने गिऱ्हाईक आणलं, बयाणा घेतला आणि मला साक्षीदार म्हणून बोलावलं. मी विक्रीपत्र नीट तपासलं. नाव, चतुःसीमा, रक्कम, सगळं बरोबर होतं. वहिनींना विचारलंस का, एवढं विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

रजिस्ट्री ऑफिसात वहिनी चांगली साडी नेसून आल्या. घराच्या कागदांत दुरुस्ती आहे, फोटो काढायचाय, इतकंच दत्तात्रयने त्यांना सांगितलेलं. अंगठा घेण्याआधी अधिकाऱ्याने नेहमीचा प्रश्न केला, "अपनी मर्ज़ी से बेच रही हैं न, माताजी?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

दत्तात्रय हळूच म्हणाला, "सही कर गं. घरी गेल्यावर सांगतो सगळं."

"नहीं बेचना," वहिनी अधिकाऱ्याला म्हणाल्या. "घर मेरा है. मुझे उसमें रहना है."

अधिकाऱ्याने कागद बाजूला सारले आणि पुढच्यांना बोलावलं. गिऱ्हाईक भला माणूस होता, बायकोला घेऊन आला होता. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, मालकिणीला न विचारताच सौदा केलात? साक्षीच्या सहीसाठी काढलेलं पेन अजून माझ्या हातातच होतं.

दत्तात्रय गाडीकडे गेला. वहिनी जिन्यापाशी थांबल्या होत्या.

"भावोजी, घर माझ्या नावावर करा, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?"

मी हो म्हणालो.

"मला वाटलं, तुमच्या तरी लक्षात असेल."

बयाणा परत गेला. दोघं आता शाहपुऱ्यात राहतात. वहिनींनी चहाला या म्हणून दोनदा निरोप धाडला. तिथल्या तळ्याकडे फिरायला जाताना त्यांच्या खिडकीत मशीनवर वाकलेल्या त्या दिसतात. मी रस्ता ओलांडतो आणि पलीकडच्या बाजूने पुढे जातो.