मोटारीच्या पेटीची किल्ली

शेंदूरजनाघाटजवळची आमची संत्र्याची बाग बाबांनी माझ्या नावावर केली, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. पोरगी, तीही माहेरी परत आलेली, आणि बाग सांभाळणार! मलाही खुमखुमी होतीच. यंदाचा आंबिया बहार, म्हणजे थंडी सरताना येणारा फुलोरा, मी एकटीच्या हिमतीवर घेऊन दाखवणार होते.

बहार घ्यायचा तर झाडांना ताण द्यावा लागतो. ऐन थंडीत पाणी तोडायचं, पानं मलूल होऊ द्यायची. मग पाणी सोडलं की झाड फुलांनी लगडतं. मधेच पाणी मिळालं तर नुसती पालवी फुटते. हे मला बाबांनीच शिकवलं. पाणी तोडताना त्यांचं मन कधी द्रवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

आणि यंदा त्यांनीच मधेच पाणी सोडलं. मी औषध आणायला वरुडला गेले होते. परतले तर झाडांची आळी पाण्याने भरलेली आणि बाबा खाली मान घालून बांधावर बसलेले.

"बाबा, काहून सोडलं पाणी?" मी ओरडलेच.

"बाग माही होती तवा पाहवत होतं," ते म्हणाले. "आता तुही हाये. सुकताना नाई पाहवली."

राग गिळून मी पाण्याची मोटार बंद केली.

पालवी मात्र झकास फुटली. फूल औषधालाही नाही. बाग पाहायला व्यापारी आला तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तो माझ्याशी बोललाही नाही.

"काकाजी, तुमच्या हातात बाग होती तवा असं कदी झालं नाई."

मी बाबांकडे पाहिलं. आता तरी बोलतील. त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली.

"माहंच चुकलं," मी म्हणाले. "पाणी सोडलं गेलं." मला लाज माझी वाटत होती की त्यांची, तेच कळेना.

व्यापारी गेल्यावर बाबांनी कमरेच्या करदोट्याची गाठ सोडली. बाग माझी झाली तरी मोटारीच्या पेटीची किल्ली तिथेच असायची, लागली की मी त्यांच्याकडून मागून न्यायचे. ती माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "ठेव तुह्यापाशी. माह्या हाताचा भरोसा नाई."

किल्ली त्यांच्या अंगाने कोमट झाली होती. राहू द्या तुमच्याकडेच, एवढंच म्हणायचं होतं.

मी मूठ मिटली.