पाहुण्यांच्या पानांची वजावट

अठराशे नव्वद-ब्याण्णवच्या सुमाराचं गिरगावातलं आमचं बिऱ्हाड म्हणजे दोन खोल्या आणि एक चूल. ती चूल विझलेली मी फारशी पाहिली नाही. आमचे हे हळदीचे दलाल. घाटावरचे व्यापारी मुंबईत उतरले की त्यांचा माल विकून द्यायचा आणि त्यावर दलाली घ्यायची. आणि व्यापारी उतरायचे कुठे? आमच्याकडे. रीतच होती तशी. जो दलाल जेवू घालत नाही, त्याच्याकडे पुढच्या खेपेला माल येत नाही. पाट, तांबे, उशांचे अभ्रे, सगळं पिवळं. मीही पिवळी पडले होते, पण ती काही हळदीनं नव्हे.

त्या वर्षी इन्कमटॅक्सवाल्यांनी आलेली सगळी दलाली मिळकत धरून कर बसवला. यांनी अर्ज केला, की गाडीभाडं, नमुन्याची हळद आणि व्यापाऱ्यांचं जेवणखाण हा धंद्याचा खर्च आहे, तो वजा करा. मला म्हणाले, जेवणखाण मंजूर झालं तर तुझ्या हाताखाली एक स्वयंपाकीण ठेवू. झालं! त्या न आलेल्या बाईकडून मी मनातल्या मनात कणीकसुद्धा मळून घेऊ लागले.

चौकशीला कारकून आला तो नेमका दुपारी, दोन व्यापारी पानावर असताना. यांना आनंद झाला. पुरावा समोरच जेवत बसलेला. पण मी मोठी वळणाची ना! जेवणाच्या वेळी आलेला माणूस तसाच कसा बसवायचा? तिसरा पाट मांडला, पान वाढलं. कारकुनाच्या पाठीमागून हे मला डोळे वटारून दाखवत होते. मला वाटलं, तूप कमी पडलं. म्हणून आणखी वाढलं. यांनी मान हलवली, मी पुन्हा वाढलं.

कारकून पोटभर जेवला. हात धुऊन आला आणि खाली बघत म्हणाला, "वहिनी, आमटी झकास झाली होती. पण माझी पंचाईत केलीत. इथलं जेवण धंद्याचं असं लिहिलं, तर मी कशापायी जेवलो, ते साहेब विचारील."

"तुम्ही पाहुणे म्हणून जेवलात," हे घाईनं म्हणाले.

"मग हे दोघेही पाहुणेच की."

व्यापाऱ्यांतला एक ढेकर देऊन म्हणाला, "खरं आहे. आम्ही घरचेच."

कारकुनानं गाडीभाडं मान्य केलं, नमुने मान्य केले आणि जेवणखाणावर आडवी रेघ ओढली. बिचारा इमानी होता, त्याला तरी काय बोलणार?

तो गेल्यावर हे मला रागावतील म्हणून मी दाराआड उभी राहिले. पण यांनी अर्जाच्या कागदाची घडी करून ती पेटीत टाकली. मग म्हणाले, "तूप तरी हात आखडून वाढायचंस."

मी उष्टी काढली. तिन्ही पानं चाटूनपुसून लख्ख. कंबर धरून उठत होते तेवढ्यात तो घरचा माणूस पान चघळत आत डोकावला. पुढच्या खेपेला धाकट्या भावालाही आणतो म्हणाला. त्याला म्हणे आमटी तिखटच लागते.

बरं, म्हटलं, आणि संध्याकाळचे तांदूळ निवडायला घेतले.